किडकं वाण

नर्सरीत आलेल्या बाईला जो माणूस फाटकातच डोक्यातला गजरा उतरवायला लावतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक टिकू नये. चाचांकडे टिकलं. रोपं चांगली होती हे एक कारण. दुसरं म्हणजे हा म्हातारा आज काय बोलतो ते ऐकायलाच निम्म्या बायका यायच्या.

फाटकाला एक खिळा होता, त्यावर गजरे लटकलेले असायचे. फुलं माळलेली बाई दिसली की चाचा आडवे यायचे.

"भाभी, डोक्यातलं काढा."

शाळकरी पोरगी असो की पणजी झालेली बाई, त्यांच्या लेखी सगळ्या भाभीच. पहिल्यांदा आलेली बाई लाल व्हायची. मग मी पिशव्यांत माती भरता भरता तिकडून ओरडायची, "अवं, वाईट मनात न्हाई त्यांच्या. फुलातनं किडं येत्यात म्हणून सांगत्यात."

"माझा गजरा ताजा हाय," एखादी म्हणायची.

"किड्यालाबी ताजाच आवडतो," चाचा म्हणायचे आणि हात पुढे करायचे. जाताना बाईला गजरा परत. तोवर उन्हानं तो पार मलूल झालेला असायचा, पण चाचांना त्याचं काही नव्हतं.

मी त्यांच्याकडे पिशव्या भरायला होते. पुण्याच्या रस्त्याला सुप्याच्या अलीकडे नर्सरी, मागं आमचं गाव. गावातली जवान माणसं सुप्याला कंपनीत जातात, माझी सूनही जाते. कंपनीत जायचं माझं वय नव्हतं आणि चौथी शिकलेल्या बाईला तिथं कोण घेणार. माती, शेणखत, वाळू कालवायची, काळ्या पिशवीत भरायची, ओळीनं लावायची. कामाला डोकं लागत नाही, कंबर लागते. ती माझी बरी होती.

चाचांचा या जगात एकच वैरी होता. पिठ्या ढेकूण. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फांदीच्या बेचक्यात कुणी कापसाचा बोळा चिकटवून ठेवलाय असं वाटतं. तो कापूस म्हणजेच तो. झाडाचा रस पितो. शेंडा आकसून गोळा होतो, पानांवर गोड चिकट पाणी पडतं, त्याला मुंग्या लागतात, मग पान काळं पडतं. मुंग्या त्याची राखण करतात आणि या झाडावरून त्या झाडावर नेतात, आपण शेरडं नेतो तशा. पूर्वी आमच्याकडे हा नव्हता. बाहेरच्या देशातून कुठल्या तरी झाडाबरोबर आला म्हणतात. जास्वंदीवर बसतो, तिथून भेंडीवर, वांग्यावर, टोमॅटोवर जातो. काहीच नसलं तर गाजर गवतावर दिवस काढतो. दारातलं शोभेचं झाड कुठलं आणि पोटाचं पीक कुठलं, त्याला सगळं सारखंच.

त्याच्यासाठी चाचांनी काय काय केलं होतं. रोपांच्या मांडण्यांचे पाय रंगाच्या जुन्या डब्यांत उभे, डब्यांत पाणी, म्हणजे मुंगी वर चढायला नको. गळ्यात काळ्या दोऱ्यात भिंग. नवीन माणसाला वाटायचं ताईत आहे. एका कोपऱ्यात बाजेवर मच्छरदाणी टाकून केलेली एक जागा होती, तिला ते तुरुंग म्हणायचे. बाहेरून आलेलं प्रत्येक रोप आधी तुरुंगात जायचं. रोज सकाळी भिंग लावून एकेकाची तपासणी.

"चाचा, ही कधी सुटायची?" मी विचारायची.

"वागणूक बघून."

एकदा ईदीला त्यांची पुण्याची सून एक नाजूक कुंडी घेऊन आली. सासऱ्याला आवडेल म्हणून बिचारीनं मांडीवर धरून आणली होती. चाचांनी तिच्या हातातून कुंडी घेतली, तुरुंगात ठेवली, मग तिला म्हणाले, "आता आत ये." ईद संपवून सून परत गेली तरी कुंडी आतच. मी म्हटलं, "सुनेला घरात घेतलं, तिच्या कुंडीला न्हाई."

"सून मला म्हाईत हाय," चाचा म्हणाले. "कुंडी कुठनं आली म्हाईत हाय का?"

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. कुणी म्हणालं की चाचा, रोप स्वच्छ आहे, काही दिसत नाही, की ते लगेच म्हणायचे, "दिसंना म्हणजे लपलाय." हे ते रोपाबद्दल म्हणायचे, मांजराबद्दल म्हणायचे, एकदा सरपंचाबद्दलही म्हणाले होते.

हे वेड त्यांना उगाच लागलं नव्हतं. मी कामाला लागायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात पिठ्या त्यांच्या जास्वंदीत शिरला. त्यांनी फवारलं, मेला नाही. आणखी जहाल औषध फवारलं. त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो, त्याला औषध लागेना. त्याला खाणारे लाल किडे मात्र मेले. मग तो असा वाढला की नर्सरी लांबून पांढरी दिसायची. शेवटी सगळं उपटून जाळलं. तोवर तो कुंपणापलीकडे गेला होता.

कुंपणापलीकडे एका बाईचा भेंडीचा तुकडा आहे. तिला सगळे भेंडीवालीच म्हणतात. नवरा आहे, पण तो असून काही उपयोग नाही, तिचं घर त्या तुकड्यावर चालतं. त्या उन्हाळ्यात तिची एकही पाटी बाजारात गेली नाही. ती चाचांना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं चाचा एकदा मला म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी आपल्या रोपांच्या आधी ते कुंपणाशी उभे राहून तिची भेंडी बघायचे. ती वाकून भेंडी तोडत असायची, हे भिंगातून बघत असायचे. लोक काहीबाही बोलले. चाचांना ते कळलंही नसेल.

आता वाणाचं सांगते.

बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंनी एका संक्रांतीला ठरवलं की यंदा प्लास्टिकचे डबे नि चाळण्या वाटायच्या नाहीत, प्रत्येकीला जास्वंदीचं रोप द्यायचं. गणपतीला फूल होईल. चाचांकडे तेवढी रोपं नव्हती. त्यांनी उरलेली बाहेरून मागवली. टेम्पो उशिरा आला. तुरुंगात जागा पुरेना, म्हणून रोपं भुईवरच ठेवली. चाचा म्हणाले, अजून थोडे दिवस राहू द्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "चाचा, सण तोंडावर आलाय. सणाला सांगू का थांब म्हणून?" चाचांनी भिंग लावून बघितली. काही दिसलं नाही. रोपं दिली.

हळदीकुंकू झालं. आमच्या आळीत घरोघर जास्वंद लागली, कुणी दारात, कुणी परसात, वांग्याटोमॅटोच्या वाफ्याच्या कडेला. भेंडीवालीनं आपलं रोप तुकड्याच्या बांधावर लावलं. मला रोप नव्हतं. मी विधवा, मला वाण कोण देणार.

थोडे दिवस गेले. त्याच टेम्पोतलं एक रोप उरलं होतं. मी ते हलवायला उचललं तर चाचा म्हणाले, थांबा. पिशवीच्या खाली पाणी जायचं भोक असतं, तिथं पांढरं काहीतरी होतं. त्यांनी पिशवी फाडली. मुळाशी मातीत कापूस. ते खाली बसले. कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

"थंडी हाय तोवर गप बसंल," शेवटी म्हणाले. "ऊन चढलं की निघंल. मग कुणाची भाजी न्हाई राहायची."

"मग सांगू की बायांना. उपटून टाकतील."

"उपटून टाकतील कुठं? उकिरड्यावर. तिथनं मुंग्या नेतील. मला परत पाहिजेत, भाभी. सगळी. माझ्या समोर जाळायची."

आम्ही दोघं निघालो. पहिलं घर अध्यक्षीणबाईंचंच. आणखी चारजणी तिथं भाजी निवडत बसल्या होत्या, भेंडीवालीही होती. चाचांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, आपली चूक म्हणाले.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "म्हंजे वाण परत मागायला आलात व्हय चाचा?"

"परत न्हाई मागत. दुसरं देतो."

"वाण काय चप्पल हाय, बदलून द्यायला?"

बायका हसल्या. पण हसून झाल्यावरही कुणी हललं नाही. वाण परत करत नाहीत. सवाष्णीनं घेतलेलं वाण परत करणं म्हणजे आपलं सौभाग्य दाराबाहेर ठेवणं. कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे कोणतीही बाई ते करणार नाही. अध्यक्षीणबाईंनी दिलेलं त्यांनाच घेता येईना, आणि दुसरी कुठली सवाष्ण किडकं वाण घरात नेणार.

"साबणानं धुवू की आमी," एकजण म्हणाली. "माझ्या रोपावर तर काय दिसत न्हाई."

"दिसंना म्हणजे लपलाय."

"चाचाला काय कळतंय आपल्यातलं," कोपऱ्यातून कुणीतरी हळू बोललं. खरंच कळत नव्हतं. गजरे काढायला लावणाऱ्या माणसाला ते कळणारही नव्हतं.

चाचांनी गळ्यातलं भिंग चाचपलं. मग म्हणाले, "परत न्हाई करत. बरं. पण दुसऱ्याला देता तर येतं ना वाण?"

"येतं की. रथसप्तमीपातूर लुटायचंच असतं."

"बाईलाच देत्यात ना?"

"मग काय गड्याला देणार?"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "मग यांना द्या."

 शेंगा निवडणारे हात थांबले. मला जमीन दुभंगावी वगैरे काही वाटलं नाही, पण म्हाताऱ्याला तिथंच एक ठेवून द्यावी असं वाटलं.

"चाचा," अध्यक्षीणबाई खाली बघत म्हणाल्या, "त्यांना कसं चालंल?"

"का? काय झालंय त्यांना?"

"मालक न्हाईत त्यांना."

"मालक नसतील," चाचा म्हणाले. "बाई तर हायत ना?"

 आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात मी त्यांना चांगलं झापलं.

"मला इचारलं व्हतं का तुमी?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणला असता."

"मग आता म्हणते. न्हाई."

"बरं," म्हणाले आणि चालत राहिले. मग कुंपणाशी आले तेव्हा उभे राहिले. पलीकडे भेंडीवालीचा वाफा तयार होता, सऱ्या पाडून झाल्या होत्या, बी टोकायचं बाकी होतं. बांधावर जास्वंदीचं रोप. तिनं त्याला काटक्यांचं कुंपण केलं होतं, शेळीनं खाऊ नये म्हणून. चाचांनी भिंग हातात घेतलं, पण डोळ्याला लावलं नाही.

मी मनाशी हिशोब केला. पिठ्या सुटला तर भेंडीवालीचा उन्हाळा गेला. चाचांची नर्सरी गेली, म्हणजे माझं पिशव्या भरायचं काम गेलं. आणि माझं काय जायचं राहिलं होतं? सवाष्णीला किडक्या वाणाची भीती. मला ती कशाची. मी म्हटलं, "एक सांगते. मी फाटकात बसंन. ज्यांना यायचं त्या येतील. मी कुणाच्या दारी जायची न्हाई."

"दारी कशाला," चाचा म्हणाले. "किडं रस्त्यात सांडतील."

रथसप्तमीला दुपारी मी नर्सरीच्या फाटकाशी पाटावर बसले. चाचांनी मागं खड्डा करून ठेवला होता. आळीत निरोप दिला होता की ज्या येतील त्यांनी रोप मातीसकट काढून कॅरीबॅगेत घालायचं आणि तोंड घट्ट बांधायचं. हळदीकुंकवाला गडी माणूस थांबत नाही, एवढं मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते लांब मांडणीमागं माझ्याकडे पाठ करून बसले. दर थोड्या वेळानं मात्र विचारायचे, "आली का कुणी?"

"न्हाई."

"आता?"

"आली की कळंल. गप बसा."

ऊन कलायला लागलं. मला वाटलं, झालं, उठावं. तेवढ्यात भेंडीवाली आली. लग्नातली असेल अशी हिरवी काठाची साडी, एका हातात करंडा, दुसऱ्या हातात तोंड बांधलेली कॅरीबॅग. तिनं पिशवी माझ्या पायाशी ठेवली. करंडा उघडला. हळद लावली. मग कुंकवात बोट बुडवलं आणि थांबली.

"लावू का आक्का?"

"मला काय इचारती. त्यासाठीच बसलीय ना मी."

तिनं कुंकू लावलं, वर अक्षता लावल्या. दाबून लावल्या, पडू नयेत अशा. नवरा गेल्यावर माझ्या कपाळाला कुंकू लागलं ते असं, किडक्या जास्वंदीपायी.

ती वळून आळीत गेली आणि तिनं काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्यानंतर बायका यायला लागल्या. काठापदराच्या साड्या नेसून, हातात कॅरीबॅगा घेऊन, सुप्याच्या कंपन्यांच्या बसेस जातात त्या रस्त्याच्या कडेनं. बसमधली माणसं वाकून बघत होती. सगळ्यांनीच कुंकू लावलं असं नाही. काहींनी नुसती हळद लावली. एकीनं पिशवी ठेवली आणि माझ्याकडे न बघता गेली. एका म्हातारीनं कुंकू लावलं आणि लावताना कसलंतरी पुटपुटली, देवाची माफी मागत असावी. अध्यक्षीणबाई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी वाकून नमस्कारही केला, ते जरा जास्तच झालं.

वाण घेतलं की वाण द्यावं लागतं. ते चाचांनी ठरवून ठेवलं होतं. प्रत्येकीला मी कपडे धुवायच्या साबणाची एक वडी दिली.

"हे कसलं वाण गं बाई?" एकजण म्हणाली.

मांडणीमागून आवाज आला, "पाण्यात कालवा आन् दर आठवड्याला भाजीची पानं खालनं पुसा."

"चाचा, तुमी न्हाईयात इथं," ती म्हणाली, आणि मग सगळ्या हसल्या.

एक रोप आलं नाही. ज्या बाईनं साबणानं धुवू म्हटलं होतं तिचं. तिनं दिलंच नाही. चाचा त्यानंतर रोज तिच्या दारासमोर जाऊन उभे राहायचे. आत जायचे नाहीत, बोलायचे नाहीत, नुसते भिंग घेऊन उभे. पाडव्याच्या आत तिनं कंटाळून स्वतःच ते रोप उपटलं आणि पिशवीत बांधून त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "घ्या तुमची बला." भेंडी त्या वर्षी चांगली आली. भेंडीवालीनं पहिली पाटी चाचांना न्यायला लावली. चाचांना भेंडी आवडत नव्हती. त्यांनी ती मला दिली.

चाचा दोन पावसाळ्यांमागं गेले. मी भेटायला गेले तेव्हा कुणीतरी फुलांची चादर आणली होती, दारात खुर्चीवर ठेवलेली. मी उभ्या उभ्या चार गुलाब उलटे करून बघितले. त्यांची सून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "नीट बघा, मावशी." तिची ती कुंडी अजून तुरुंगातच आहे. मुलगा नर्सरी चालवतो, पण फाटकावरचा खिळा काढला त्यानं. गिऱ्हाईक दुखावतं म्हणतो.

त्या रथसप्तमीला सगळ्या पिशव्या खड्ड्यात जाळून झाल्या. ओली झाडं, लवकर पेटेनात, धूर फार झाला. मी हात धुतले आणि घरी निघाले. कुंकू लागल्यापासून फाटकासमोरून जो माणूस गेला त्यानं माझ्या कपाळाकडे बघितलं होतं, किंवा बघायचं टाळलं होतं. टपरीवाल्यानं टाळलं. अध्यक्षीणबाईंच्या सासूनं तर रस्ता बदलला. फाटकात चाचा आडवे आले.

"थांबा. पदर झटका."

मी पदर झटकला.

"बाह्या."

बाह्या दाखवल्या. त्यांनी नखं बघितली, केसांत बघितलं, कानामागं बघितलं. मग भिंग माझ्या तोंडाशी आणलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"कपाळावर पांढरं काय हाय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी चिमटीनं ते उचललं, तळहातावर ठेवलं, उजेडाकडे धरलं, भिंगातून इकडून तिकडून बघितलं.

"तांदूळ हाय," म्हणाले. आणि बाजूला झाले. "जावा आता."

मी घरी गेले. सून कंपनीतून आली होती, तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं आणि पिठाचा डबा पुढं सरकवला. मी भाकरी केल्या. कुंकू झोपायच्या वेळी पुसलं, उशीला डाग पडतात म्हणून.